कापणी सोपी, पेंढी अवघड: व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कापणीयंत्रांचं परीक्षण

व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली तेव्हा इंग्लंडातला गहू विळ्याने नाहीतर सायथने, म्हणजे लांब दांड्याच्या, दोन्ही हातांनी फिरवायच्या पात्याने कापला जायचा. १९०१ साली ती गेली तेव्हा तीन घोडे आणि त्यांना हाकणारा एक माणूस दिवसाकाठी दहाएक एकर गहू कापून, पेंढ्या बांधून मोकळा होत होता. या ६४ वर्षांत बाजारात आलेल्या यंत्रांची तुलना बहुतेक जण 'किती एकर कापतं' यावर करतात. आमच्या मते हा निकषच चुकीचा आहे. कापणं हे सुगीतलं त्यातल्या त्यात सोपं काम. कापलेलं गोळा करायचं, कव भरायची, काडालाच पीळ देऊन आळा करायचा, पेंढी आवळायची, पेंढ्या एकमेकींना टेकवून बुचाड उभं करायचं. माणसं खातं ते हे. म्हणून इथे प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारला आहे: यंत्र पुढे गेल्यावर मागे किती माणसं वाकलेली दिसतात?

सुरुवात पॅट्रिक बेलच्या यंत्रापासून. ते १८२८ चं, म्हणजे राणीच्याही आधीचं, पण त्याला वगळून पुढे जाता येत नाही. बेल हा स्कॉटलंडच्या अँगस भागातला धर्मशास्त्राचा विद्यार्थी, पुढे पाद्री झाला. त्याच्या यंत्राला पुढच्या अंगाला कात्र्यांची रांग, वर पीक आत ओढणारा लाकडी रहाट आणि कापलेलं पीक बाजूला नेऊन आडवी ओळ घालणारा कॅनव्हासचा पट्टा. घोडे मागून ढकलायचे. याचा फायदा मोठा. ओढायच्या यंत्रात घोडे पिकातून चालू नयेत म्हणून शेताच्या कडेने पहिली फेरी हातानेच कापून वाट करावी लागते. बेलचं यंत्र थेट उभ्या पिकात घुसतं. पण ढकलायचं जड धूड बांधाजवळ वळवणं म्हणजे कसरत. शिवाय प्रत्येक कात्रीचा खिळा घट्ट आणि धार शाबूत हवी. एक जरी सैल पडली तरी काड कापलं न जाता चावलं जातं आणि तिथेच बोळा होतो. बेलने पेटंट घेतलं नाही. त्यामुळे गावोगावच्या कारागिरांनी जमेल तशा नकला केल्या आणि नावाला बट्टा लागला मूळ यंत्राच्या. मूळ यंत्र आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. जवळून पाहिलं तर रहाट आणि कॅनव्हास या दोन्ही गोष्टी पन्नास वर्षांनंतरच्या यंत्रांतही जशाच्या तशा आहेत, हे लक्षात येतं. माणसं मात्र मागे तेवढीच लागायची, कारण ओळ घातलेलं पीक बांधायचं कोणी?

अमेरिकेतली जोडी म्हणजे ओबेड हसी (पेटंट डिसेंबर १८३३) आणि सायरस मॅकॉर्मिक (पेटंट जून १८३४). मॅकॉर्मिकने १८३१ मध्येच व्हर्जिनियात आपलं यंत्र चालवून दाखवलं होतं. ते घडवताना जो अँडरसन हा त्याच्या घरचा गुलाम बरोबरीने राबला. पेटंटवर त्याचं नाव अर्थातच नाही.

दोन्ही यंत्रांत कात्र्या गेल्या आणि त्यांच्या जागी इकडून तिकडे सरकणारं एकच आडवं पातं आलं. पुढे लोखंडी बोटं असतात. त्या बोटांत काड अडकतं आणि पातं ते छाटतं. आजच्या कुठल्याही रीपरखाली, म्हणजे कापणीयंत्राखाली, वाकून पाहिलं तर हीच रचना दिसेल. पट्टीवर रिबिटांनी ठोकलेली त्रिकोणी पाती असतात आणि दर फेरीच्या शेवटी प्रत्येक पातं बोटाच्या बरोबर मध्यावर येऊन थांबलं पाहिजे. अर्धा इंच जरी सरकलं तरी कापणी अर्धवट होते, धसं वरखाली राहतात आणि गवत साचून पातं बंद पडतं. अनेकदा दोष पात्याला लावला जातो, पण खरा दोष पातं हलवणाऱ्या दांड्याच्या झिजलेल्या खुंटीचा असतो. दुसरी खूण धारेची. गव्हाला बारीक दाते पाडलेलं पातं लागतं, कारण कोरडं काड गुळगुळीत धारेवरून घसरतं. हिरव्या गवताला गुळगुळीत धारच बरी.

दोघांतला फरक कळतो तो पीक टाकण्याच्या पद्धतीत. मॅकॉर्मिकच्या यंत्रात रहाट पीक फळीवर पाडतो आणि दाताळेवाला ते बाजूला ओढून टाकतो. पुढच्या फेरीची वाट मोकळी राहते. हसीच्या यंत्राला रहाट नाही. वर बसलेला माणूस पीक मागच्या बाजूला ढकलतो, ते नेमकं पुढच्या फेरीत घोडे जिथून जाणार तिथेच पडतं. म्हणजे यंत्राची फेरी पूर्ण होण्याआधी बांधणाऱ्यांनी ते उचललंच पाहिजे. एका पेंढीला जरी उशीर झाला तरी घोडे थांबवायचे, नाहीतर गहू तुडवायचा. हसीचं पातं आणि त्याची उघडी बोटं मात्र अव्वल दर्जाची. ओलं गवत त्यातून झडून जातं, म्हणूनच गवत कापायला तेच यंत्र चांगलं. पण त्याला वेग लागतो. घोडे रेंगाळले की पातं रेंगाळतं आणि यंत्र तुंबतं.

१८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात 'टाइम्स'ने मॅकॉर्मिकच्या यंत्राची सर्कशीतला रथ, ढकलगाडी आणि उडतं यंत्र यांचा संकर म्हणून टर उडवली. मग जुलैत एसेक्समधल्या टिप्ट्री इथे पावसात, हिरव्या, ओल्या गव्हात चाचणी झाली. मॅकॉर्मिकचं यंत्र चाललं, हसीचं तुंबलं. मॅकॉर्मिकला प्रदर्शनाचं मोठं पदक मिळालं. पुढे सप्टेंबरात यॉर्कशरमधल्या चाचणीत निकाल हसीच्या बाजूने लागला. यावरून कुठलं यंत्र श्रेष्ठ हे ठरवू नये. हिरव्या ओल्या पिकात वेगावर चालणारं यंत्र अडणारच, आणि टिप्ट्रीला तर हसी स्वतः हजरही नव्हता. यंत्र तेच, चालवणारा हात वेगळा, की निकाल वेगळा.

मॅकॉर्मिकची हमी तासाला दीड एकराची होती. ती तपासून पाहू. पाच फुटी पातं, घोड्यांची चाल ताशी अडीच मैल: ५ गुणिले १३,२०० म्हणजे ६६,००० चौरस फूट. एकर ४३,५६० चौरस फुटांचा, म्हणजे ताशी १.५१ एकर. हमी अगदी काठोकाठ आहे. वळणं, वंगण, घोड्यांना दम, तुंबलेलं पातं यांना त्यात एक मिनिटही नाही. दहा तासांच्या दिवसाला पंधरा नाही, दहा एकर धरा. जमीन ओली असेल तर त्याहून कमी. कंपनीने थोडे पैसे आधी आणि उरलेले सुगीनंतर अशी सवलत दिली, सुटे भाग आणि दुरुस्तीची माणसं गावोगाव पोचवली. यंत्रापेक्षा ही विक्रीची पद्धतच जास्त चालली असं म्हणायला हरकत नाही.

या सगळ्यात मोठं चाक जमिनीवर फिरतं आणि तेच पात्याला हलवतं, हे विसरायचं नाही. चाक घसरलं की पातं थांबलं. म्हणून पिकात शिरायच्या आधी चार-सहा पावलं मोकळ्या जागेत घोडे चालीवर आणायचे. तुंबलं तर दोन पावलं मागे घ्यायचं, गिअर सोडवायचा, मगच हात घालायचा. घोडे जुंपलेले असताना पात्यात हात घालून बोटं गमावल्याची उदाहरणं कमी नाहीत. घोड्याने शेपटीने माशी झटकून एक पाऊल टाकलं तरी पुरे असतं.

दाताळेवाला वाचवायचा पहिला उपाय म्हणजे स्वतः पीक ओढून टाकणारं यंत्र. इंग्लंडात त्याला पंखांचं यंत्र म्हणत. बॅनबरीच्या सॅम्युएल्सनच्या कारखान्यातली यंत्रं प्रसिद्ध होती. चार-पाच लाकडी पंख फिरतात, प्रत्येक पंख पीक आत दाबतो आणि दर काही पंखांमागे एक खाली उतरून पेंढीएवढा ढीग बाजूला सारतो. ओट्स आणि बार्लीला हे छानच. पण माणसांचा हिशेब पाहिला तर एकच माणूस वाचला. बांधणारे पाच-सहा जण मागे तसेच वाकलेले. पीक लोळलेलं असेल तर पंख ओंब्या आपटतात आणि दाणा झडतो तो वेगळाच.

१८५८ सालचं इलिनॉयमधल्या मार्श बंधूंचं यंत्र मात्र डोकेबाज होतं. त्यांनी गाठ मारायचा प्रयत्नच केला नाही. कॅनव्हासवरून कापलेलं पीक मोठ्या चाकावरून वर चढवलं आणि यंत्रावरच एका फळीपुढे दोन माणसं उभी केली. माणूस पिकाकडे वाकत जायच्या ऐवजी पीक कमरेएवढ्या उंचीवर माणसाकडे आलं. पाच-सहा जणांचं काम दोघांवर आलं, आणि तेही मागे पळापळ न करता. आमच्या मते या सगळ्या काळातला हा सर्वांत कमी लेखलेला शोध. पुढचं सुतळीचं यंत्र म्हणजे मार्शच्या फळीवरून दोन माणसं उतरवून तिथे लोखंडाची दोन बोटं बसवणं, एवढंच.

मधल्या काळात, १८७० च्या दशकात, तारेने बांधणारं यंत्र आलं. चाचणीत ते उत्तम ठरलं, तार गाठ मारायला सोपी, पीळ दिला की झालं. पण तार पेंढीबरोबर मळणीत गेली, काडातून गव्हाणीत गेली, गुरांच्या पोटात गेली, पिठाच्या गिरणीत गेली. गिरणीवाले आणि जनावरं सांभाळणारे दोघेही वैतागले. हे यंत्र कुणी फुकट दिलं तरी घेऊ नये.

सुतळी हवी हे तेव्हाच सगळ्यांना कळलं. अडचण गाठीची होती. विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबीने १८७८ च्या सुमारास ती सोडवली. विल्यम डीअरिंगने ती उचलली आणि १८८० च्या हंगामात तीन हजार यंत्रं विकली. दुसऱ्याच वर्षी मॅकॉर्मिकलाही ती वाट धरावी लागली.

गाठ कशी पडते ते एकदा हळू फिरवून पाहण्यासारखं आहे. सुतळीचं एक टोक एका खाचा पाडलेल्या चकतीत चिमटलेलं असतं. पीक फळीवर येत राहतं, दोन लोखंडी हात ते दाबत राहतात. दाब ठरावीक झाला की एक खटका सुटतो. दाभणासारखी वाकडी मोठी सुई खालून वर येते, सुतळी पेंढीभोवती फिरवून दुसरा पदर त्याच चकतीत आणून ठेवते. आता दोन्ही पदर एका लोखंडी चोचीवर शेजारी शेजारी पडले. चोच एक पूर्ण गिरकी घेते, सुतळीचा वेढा तिच्याभोवती बसतो. गिरकी संपता संपता चोच उघडते, दोन्ही पदर दातांत पकडते, मिटते. पातं पदर छाटतं. मग बाहेर फेकणारे हात पेंढीला ढकलतात आणि त्या ढकलण्यानेच वेढा चोचीवरून सरकून पकडलेल्या टोकांवर बसतो. गाठ आवळली, पेंढी बाहेर. ज्याला हाताने गाठ मारता येते त्यानेही हे चारदा पाहिल्याशिवाय कळत नाही.

नेमकी हीच जागा बिघडते, आणि बिघाड कुठला ते सुटलेली सुतळीच सांगते. म्हणून न बांधलेली पेंढी दिसली की आधी सुतळी शोधायची, स्पॅनर मग. एकाच टोकाला गाठ असेल तर एक पदर चोचीत आलाच नाही: सुई वाकली आहे, किंवा चकतीची पकड सैल असून पदर निसटला. दोन्ही टोकं चुरगळलेली आणि गाठ नाही, म्हणजे चोचीच्या स्प्रिंगचा ताण कमी. टोकं धरली, पण गाठ बसायच्या आत सुटली. गाठ पडली पण चोचीवरच अडकून सुतळी तुटली, तर ताण जास्त आहे किंवा चोचीला गंज चढून ती खडबडीत झाली आहे. बारीक पॉलिश पेपरने चोच आरशासारखी करावी. टोकं पिंजलेली असतील तर छाटणारं पातं बोथट. एका वेळी एकच नट फिरवायचा, तोही पाव वेढा, आणि लगेच पाच पेंढ्या बांधून पाहायच्या. दोन नट एकदम फिरवले की आधी काय बिघडलं होतं हेच कळेनासं होतं.

सुतळीवर काटकसर करू नये. मनिला नावाचा धागा येतो फिलिपिन्समधल्या केळीच्या जातीच्या झाडापासून, सिसल आणि तिची बहीण हेनेकेन घायपाताच्या जातीपासून. आपल्याकडे बांधावर घायपात असतो आणि त्याचा वाख निघतो, तोच हा धागा. मेक्सिकोच्या युकातानमध्ये या सुतळीच्या मागणीवर मोठमोठे मळे उभे राहिले, आणि तिथल्या मजुरांचे हाल ही त्या अमेरिकी गव्हाची न दिसणारी किंमत. सिसलची सुतळी पौंडाला ५०० फूट आणि चांगली मनिला ६५० फूट, हे प्रमाण पुढे रूढ झालं. एकराला दोन-तीन पौंड लागते. जाडी एकसारखी नसेल तर जाड जागी सुईत अडकते आणि बारीक जागी चकतीतून निसटते. नाकतोडे आणि रातकिडे बांधलेली सुतळी कुरतडतात, हाही तिचा एक दोष. तारेला तो नव्हता.

कॅनव्हासचे पट्टे हा दुसरा ताप. दवाने भिजले की आखडतात आणि चामडी बंद तटातट तुटतात, म्हणून संध्याकाळी बक्कल सैल करून ठेवायची आणि सकाळी कोरडं झाल्यावर आवळायची. पट्टा एका बाजूला पळत असेल तर पट्टा ओढत बसू नका. रूळ काटकोनात नाहीत, ते आधी मोजा. हंगाम संपला की पट्टे काढून छताला टांगा. यंत्रावरच राहिले तर उंदीर पुढच्या वर्षी एकही शिल्लक ठेवत नाहीत.

सुतळीचं हे यंत्र पिकाबद्दल मात्र एक मागणी करतं. गहू पूर्ण वाळण्याआधी कापायचा: काड पिवळं, दाण्यावर नखाचा वळ उठतो पण दूध येत नाही. पुढचं पिकणं बुचाडात होतं. आठ ते बारा पेंढ्या जोडीजोडीने टेकवायच्या, ओळ उत्तर-दक्षिण, म्हणजे दोन्ही अंगांना ऊन मिळतं. ओट्सबद्दल इंग्लंडात म्हण होती की बुचाडाने चर्चची घंटा तीनदा ऐकावी, म्हणजे तीन रविवार उभं राहावं. घाईने गंजी रचली की आतून तापते.

बुचाड रचायला माणसं लागतातच. म्हणून पूर्ण गुण देता येत नाहीत. तरी पेंढी बांधायला एकही माणूस लागत नाही, आणि तारेचं बाद यंत्र सोडलं तर आमच्या निकषावर हे पहिलंच यंत्र उत्तीर्ण होतं.

कोरड्या देशांनी वेगळाच रस्ता घेतला. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८४३ मध्ये जॉन रिडलीचं यंत्र फणीने फक्त ओंब्या ओरबाडून घ्यायचं, काड शेतातच. १८८० च्या दशकात व्हिक्टोरिया वसाहतीत ह्यू मकेने त्यालाच मळणी आणि उफणणी जोडली. कॅलिफोर्नियात वीस-तीस खेचरांनी ओढायची प्रचंड कंबाइन्स, म्हणजे कापणी आणि मळणी एकदम करणारी यंत्रं, चालली. दमट इंग्लंडात यातलं काहीच चाललं नसतं. ओली ओंबी फणीत गुंडाळली जाते. आणि तिथे काडही हवं होतं, गुरांच्या अंथरुणाला आणि छपराला.

छपरासाठी ते आजही हवं आहे. इंग्लंडात गवती छपरं शाकारणाऱ्यांना लांब, न मोडलेलं काड लागतं, कंबाइन ते चुरडतं. म्हणून जुनी बाइंडर, म्हणजे सुतळीने पेंढ्या बांधणारी यंत्रं, काही शेतांवर अजून चालू आहेत. आपल्याकडे सोयाबीन आणि गव्हाला पंजाबातून आलेले हार्वेस्टर फिरतात. पण काड आणि चारा ज्याला हवा तो रीपर-बाइंडर बोलावतो, आणि त्याची गाठ ॲपलबीच्याच घराण्यातली असते.

जुनं किंवा वापरलेलं बाइंडर घ्यायचं असेल तर रंग पाहू नका. गाठीची यंत्रणा हाताने हळू फिरवा, खटका बोटाने दाबून सोडा. सुईचं टोक चकतीच्या खाचेच्या मधोमध येतं का, चोचीवर बोट फिरवल्यावर ओरखडा लागतो का, खुंटीला खडखड आहे का, एवढं पाहा. मग पेंढीएवढी कव फळीवर ठेवा, सुतळी ओवा, आणि ओळीने वीस पेंढ्या बांधून मागा. वीसपैकी एकही सुटली तर पैसे मोजण्याआधी ती सुतळी उचलून टोकं बघा.